तलावातील माशांची बिऱ्हाडे

समुद्रघोडा हा मासा चित्रात पाहिला नाही असा सुशिक्षित मनुष्य क्वचितच आढळेल. पण तो त्याच्या घरी जाऊन पाहिला आहे असा मनुष्य त्याहूनही विरळा. घोड्यासारखे तोंड, अंगावर हाडांच्या कड्यांचे चिलखत आणि माकडासारखी वेटोळे घालणारी शेपटी असे त्याचे रूप असते. मादी आपली अंडी नराच्या पोटावरील पिशवीत घालते आणि पिलांचे पोषण व प्रसूती ही दोन्ही कामे नराकडे येतात, एवढी एकच गोष्ट त्याला प्रसिद्धी मिळवून देण्यास पुरेशी झाली आहे. परंतु त्याच्या जीवनक्रमाचा खरा उलगडा होतो तो त्या शेपटीने. हा मासा पोहण्यात अगदी दुबळा. लाटेबरोबर वाहून जाऊ नये म्हणून तो समुद्रगवताच्या पात्याला, कांदळाच्या मुळाला किंवा पोवळ्याच्या फांदीला शेपटीचा विळखा घालून बसतो आणि जवळून जाणारे सूक्ष्म जीव नळीसारख्या तोंडाने ओढून घेतो. धरावयास गवत नसेल तेथे समुद्रघोडा नसावयाचाच.

भारत सरकारने २००१ साली समुद्रघोड्याच्या सर्व जातींना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत स्थान दिले, म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच या बोटभर प्राण्याला मिळाले. त्याला मुद्दाम धरून वाळवून परदेशी औषधबाजारात पाठविण्याचा व्यापार त्यामुळे बेकायदा झाला. तरीही यांत्रिक नौकांची जड जाळी समुद्राचा तळ खरवडीत जातात, तेव्हा त्यांत समुद्रघोडा येतो आणि त्याचे गवतही येते. मासा परत पाण्यात सोडला तरी शेपटी गुंडाळावयास काही उरलेले नसते. प्राण्यास अभय देणे आणि प्राण्याचे घर राखणे ही दोन निरनिराळी कामे आहेत, आणि पहिले काम केल्याने दुसरे आपोआप होत नाही, हे या उदाहरणावरून स्पष्ट दिसते.

हीच गोष्ट गोड्या पाण्यात पाहावयाची असेल, तर महाराष्ट्रात भंडारा जिल्ह्यासारखे दुसरे ठिकाण नाही. समुद्र तेथून पूर्वेस आणि पश्चिमेस दोन्हीकडे शेकडो किलोमीटर दूर. समुद्रघोडा शोधू गेल्यास हसे व्हावयाचे. परंतु गवताला, चिखलाला आणि उथळ काठाला तितक्याच घट्टपणे बांधलेले मासे तेथे गावोगावी आहेत, कारण तेथे गावोगावी तलाव आहेत. पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत मिळून जुन्या तलावांची संख्या ६ हजारांहून अधिक भरते. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्याचे विभाजन होऊन गोंदिया हा निराळा जिल्हा झाला. त्या वाटणीत नवेगावबांध व सिरेगावबांध हे मोठे तलाव गोंदियाकडे गेले आणि साकोलीजवळचा शिवनीबांध भंडाऱ्याकडे राहिला. तलावांच्या दृष्टीने हा मुलूख मात्र एकच आहे. गावाच्या नावामागे 'बांध' हा शब्द लागलेला दिसला की तेथे पाळ घालून अडविलेले पाणी आहे, असे समजावे.

हे तलाव नैसर्गिक नव्हेत. गोंड राजांच्या अमदानीत कोहळी जातीच्या शेतकऱ्यांनी ते बांधले. चांद्याच्या एका गोंड राजाने काशीयात्रेहून परतताना या लोकांना आपल्याबरोबर आणले, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, जमिनीचा उतार ओळखण्याची त्यांची हातोटी मात्र आख्यायिका नव्हे. नवेगावचा विस्तीर्ण बांध अठराव्या शतकाच्या प्रारंभी कोलू पाटील कोहळी याने बांधला असे सांगतात. टेकड्यांमधील नेमकी फट शोधून तेवढीच मातीने बुजवावयाची आणि मैलोगणती पाणी अडवावयाचे, ही कला दुर्बिणीवाचून व नकाशावाचून साधलेली आहे. पुढे मालगुजारी पद्धतीत हे तलाव मालगुजारांच्या ताब्यात राहिले. आज त्यांना 'मामा तलाव' म्हणतात. हे नाव ऐकून कोणा मामाची आठवण काढण्याचे कारण नाही. 'माजी मालगुजारी' या कचेरीतील शब्दजोडीची ती आद्याक्षरे आहेत.

तलाव बांधला तो धानासाठी. खालच्या बांध्यांना आश्विनात, पाऊस ओढ देतो त्या वेळी, एकदोन पाणी मिळाले की पीक हाती लागते. परंतु माणसाने धानासाठी केलेली रचना माशांना कशी सोयीची पडली, हे पाहण्यासारखे आहे. ओढ्याच्या वाटेत आडवी पाळ घातली म्हणजे पाणी पाळीशी खोल साचते आणि उलट दिशेस, जंगलाच्या वा शेतांच्या बाजूस, हळूहळू उथळ होत जाऊन शेवटी घोट्याइतके उरते. तलावाची ही मागची बाजू फार महत्त्वाची. आषाढात ती पाण्याखाली जाते, माघ-फाल्गुनात उघडी पडते, तिच्यावर गुरे चरतात, शेणखत पडते, गवत उगवते आणि पुढल्या आषाढात तेच गवत पुन्हा पाण्यात बुडते. एका टोकास बारमाही डोह, दुसऱ्या टोकास दरवर्षी नवे होणारे कुरण आणि मध्ये पाणवनस्पतींचा पट्टा, असे तीन मजले एकाच तलावात तयार होतात. ज्याला जसे बिऱ्हाड हवे तसे येथे मिळते.

या भाडेकरूंपैकी सर्वांत परिचित मरळ होय. सापासारखे डोके आणि गोल अंग असलेला हा मासा कल्ल्यांबरोबरच डोक्यातील एका विशेष पोकळीनेही श्वास घेतो. त्यासाठी त्याला मधूनमधून पाण्यावर तोंड काढावे लागते. पाणी आटत आले तर तो ओल्या चिखलात दडून कित्येक आठवडे काढू शकतो. असा काटक प्राणी कोठेही राहील असे वाटते. पण संसार थाटावयाची वेळ आली की मरळ फार चोखंदळ होतो. पहिल्या दमदार पावसानंतर नर-मादीची जोडी काठालगतच्या गवताळ, निवांत पाण्यात येते आणि वनस्पती तोडून, बाजूस सारून मध्ये थोडी मोकळी जागा करते. तेथे मधाच्या रंगाची अंडी पाण्यावर तरंगू लागतात. सभोवतीच्या गवताचे कुंपण नसेल तर ती वाऱ्याने तलावभर पांगतील. एकदोन दिवसांत पिले बाहेर पडतात, आणि मग काही आठवडे तांबूस पिलांचा एक दाट पुंजका पाण्यावर खालीवर होताना दिसतो. त्याच्याखाली आईबाप पहारा करीत असतात. बेडूक, साप, दुसरा मासा, कोणीही जवळ आले तरी ते अंगावर धावून जातात. त्या पुंजक्याखाली गळ टाकला तर मरळ हमखास लागतो, हे लोभी मनुष्यास ठाऊक असते. आणि त्या एका माशाबरोबर शेकडो पिले दिवसभरात इतरांच्या पोटी जातात, हेही त्यास ठाऊक असते.

मागूर हा मिशाळ मासाही हवेत श्वास घेणारा. पावसाळी रात्री ओल्या जमिनीवरून सरपटत एका खाचरातून दुसऱ्या खाचरात जाणारा हा प्राणी काठाच्या मऊ मातीत बीळ कोरतो, त्यात अंडी घालतो आणि नर ती राखीत बसतो. त्याला माती मऊ हवी. काठ तासून उभा केला किंवा दगडांनी बांधून काढला की मागुराचे घर गेले. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने या देशी मागुरास संकटग्रस्त जातींत नोंदविले आहे. आफ्रिकेतून आलेला मांगूर तो हा नव्हे. त्या अधाशी पाहुण्याच्या पालनावर केंद्र सरकारने २००० सालीच बंदी घातली, तरी त्याचा चोरटा व्यापार अधूनमधून उघडकीस येतो. नावांच्या या साम्यामुळे निरुपद्रवी देशी माशाची उगाच बदनामी होते.

शिवडा हा वाघाच्या जातीचा. लांब मिशा, रुंद जबडा, मनुष्याएवढी लांबी गाठण्याची शक्ती. दिवसा तो पाळीजवळच्या खोल पाण्यात बुडलेल्या ओंडक्याखाली पडून राहतो आणि रात्री शिकारीस निघतो. पण अंडी घालावयास त्यालाही उथळ, नुकत्याच बुडालेल्या गवतातच यावे लागते. म्हणजे एकाच माशाला दोन घरे लागतात आणि दोहोंमधील रस्ताही मोकळा लागतो. वाम खडकांच्या फटीत आणि मुळांच्या जाळीत शरीर लपवून केवळ नाक बाहेर ठेवतो. पातळ पात्यासारखा चालट आपली अंडी पाण्यात बुडालेल्या काडीला अथवा देठाला चिकटवितो आणि त्यांवर पाळत ठेवतो. समुद्रघोड्याचा हा तर जवळचा सोबतीच म्हणावयाचा, कारण दोघांचाही संसार एका काडीवर अवलंबून. बोटाएवढ्या लहानसहान माशांबद्दल निराळे सांगावयास नको. बाजारात त्यांना भाव नाही, पण गरिबाच्या घरी काट्यासकट खाल्ले जाणारे तेच, आणि मोठ्या माशांचे अन्नही तेच. त्यांचे सारे आयुष्य पाणवनस्पतींच्या आडोशास जाते.

या वनस्पतींचा परिचय शहरातील पुष्कळ कुटुंबांस नकळत झालेला आहे. दिवाणखान्यातील काचेच्या मत्स्यपेटीत जी रिबिनीसारखी हिरवी पाती डोलत असतात ती व्हॅलिस्नेरिया, आणि बारीक पानांची लांब वेणी असते ती हायड्रिला. पैसे देऊन आणलेल्या या शोभेच्या वस्तू भंडाऱ्याच्या तलावात फुकट उगवतात. व्हॅलिस्नेरियाचा विवाहविधी तर एखाद्या नाटककाराने रचावा असा आहे. मादीफूल लांब देठावर पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन थांबते. नरफुले तळाशी असतानाच देठापासून सुटून बुडबुड्यासारखी वर येतात आणि वाऱ्याने वाहत तिच्यापर्यंत पोहोचतात. परागण झाले की मादीफुलाचा देठ स्प्रिंगप्रमाणे गुंडाळला जाऊन फळ पुन्हा तळाशी नेले जाते.

तळाशी रुजून पूर्णपणे बुडालेल्या या वनस्पती दिवसा पाण्यात प्राणवायू सोडतात. त्यांच्या पानांवर शेवाळाचा सूक्ष्म लेप बसतो. तो गोगलगाई व लहान मासे खरवडून खातात. कुमुदासारख्या वनस्पती मुळे तळाशी ठेवून पाने पाण्यावर पसरतात; उन्हाच्या वेळी त्यांच्या सावलीत मासे जमतात आणि त्याच पानांवरून कमळपक्षी लांब बोटांनी चालत जातो. काठाकडे लव्हाळ्यासारखे उभे गवत असते. त्याचे कंद जांभळ्या पाणकोंबड्या उकरतात. काही वनस्पती असावी हे जितके खरे, तितकेच ती अपार असू नये हेही खरे. रात्री वनस्पतीही प्राणवायू वापरतात, आणि सारा तलाव गच्च भरला असेल तर पहाटेच्या सुमारास मासे गुदमरून वर येतात. जुन्या काळी ढिवरांच्या होड्यांच्या वाटा, शिंगाड्याची लागवड, कमळकंदांची काढणी आणि गुरांचे डुंबणे यांनी वनस्पतींस आपोआप मर्यादा पडत असे.

येथे ढिवरांचा उल्लेख आला. कोहळ्यांनी तलाव बांधले खरे, पण तलावाचा तळ ज्यांच्या पायाखालचा तो हाच समाज. कोणत्या माशाचे पाऊल, म्हणजे अर्थात माशाला पाऊल असते तर, कोणत्या महिन्यात कोठे पडेल हे ढिवरास पाण्याच्या रंगावरून सांगता येते. हे ज्ञान पुस्तकात उतरले नव्हते आणि म्हणूनच पुढे कोणी विचारात घेतले नाही.

मालगुजारी गेली ती १९५१ साली. तेव्हा भंडारा मध्यप्रदेशात होता. त्या राज्याने १९५० साली केलेल्या कायद्याने मालगुजारांचे मालकी हक्क संपले आणि तलाव सरकारजमा झाले. जुलमी मालगुजारांबद्दल अश्रू ढाळण्याचे कारण नाही. पण निस्ताराच्या हक्काने जे पाणी गावकरी आपले समजत होते त्यावर पाणीपट्टी आली, आणि पाळीची माती घसरली तर उन्हाळ्यात गावाने मिळून ती चढवावयाची हा रिवाज मागे पडला. आज लहान तलाव जिल्हा परिषदेकडे आणि मोठे पाटबंधारे खात्याकडे आहेत. मासेमारीचा ठेका सहकारी संस्थांकडे, आणि पाण्याचा हक्क शेतकऱ्यांकडे. तलाव एक आणि धनी अनेक झाले. पाणी किती, हे मोजणारा अधिकारी आहे. मासे किती मणांचे निघाले, हे लिहून ठेवणारा आहे. तळाशी गवत किती उरले, हे पाहणे कोणाच्याच कामात बसत नाही.

मत्स्यव्यवसायाचे म्हणून जे शास्त्र या काळात आले त्याची दृष्टी निराळी होती. कटला पाण्याच्या वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी. तिन्ही एकत्र सोडले तर तलावाचा कोणताही भाग वाया जात नाही, हे तत्त्व चुकीचे नाही. अडचण एवढीच की हे मासे पुराच्या वाहत्या पाण्यात वितात, तलावाच्या संथ पाण्यात सहसा वीत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी ओरिसातील अंगुळ येथे हिरालाल चौधरी यांनी पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून या माशांचे प्रजनन घडवून आणले, आणि त्यानंतर मत्स्यबीज कारखान्यातील मालाप्रमाणे मिळू लागले. हा शोध मोठा आहे. देशाच्या ताटातील माशांचा पुष्कळ भाग त्यातून आलेला आहे. परंतु भंडाऱ्याच्या ढिवराला त्याचा अर्थ असा झाला की जो तलाव पूर्वी स्वतःचे बी स्वतः पेरीत होता त्याकरिता आता दरवर्षी पैसे मोजून बोटुकली आणावी लागते. पाऊस कमी झाला किंवा पाळ फुटली तर ते पैसे गेले. आणि जो मासा अंडीच घालणार नाही त्याच्यासाठी गवताळ काठ राखण्याचे संस्थेला कारणही उरले नाही.

याच सुमारास, १९५९ साली, गवत्या मासा भारतात आणला गेला. नावाप्रमाणे तो पाणवनस्पती खातो, आणि थोड्याथोडक्या नव्हे. वनस्पतींनी कोंदलेल्या कालव्यात तो उपकारक ठरतो; पण मरळ, चालट व त्यांची पिले ज्या रानात राहतात तेच त्याचे कुरण. शिपरनस या परदेशी माशाची तऱ्हा आणखी वेगळी. तो तळाचा चिखल उकरून खाद्य शोधतो, त्यामुळे रोपे उपटली जातात आणि पाणी गढूळ होऊन खाली ऊन पोहोचत नाही. जाळ्यात वजन भरले म्हणजे तलाव सुस्थितीत आहे असे समजले जाते, आणि ही चूक पुष्कळ वर्षे चालली.

काठाच्या बाजूने दुसरे संकट आले ते बेशरम या झुडपाचे. मूळ अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातील हे जांभळट फुलांचे झुडूप कुंपणासाठी लावले गेले. गुरे त्याला तोंड लावीत नाहीत. तोडून फेकलेली कांडीही चिखलात मूळ धरते. विदर्भातील लोकांनी त्याला दिलेले नाव सर्वस्वी योग्य आहे. तलावाची मागची उथळ बाजू, जेथे पावसाळ्यात बुडणारे कुरण असावयाचे, तेथे बेशरमचे रान माजले. त्याच्या दाट सावलीत पाण्याखालील गवत उगवत नाही, त्याच्या खोडांत गाळ अडतो, आणि त्यात जाळे तर टाकताच येत नाही.

त्यानंतरचे संकट सद्भावनेतून आलेले आहे. गाळाने तलाव भरले, तेव्हा गाळ काढण्याच्या सरकारी योजना निघाल्या. गाळ काढावा हे सर्वांनाच मान्य. धानाला पाणी वाढते आणि शेताला सुपीक माती मिळते. परंतु यंत्राने खोदावयाचे म्हटले म्हणजे सोयीचे पडते ते सरळ खोल खड्डा करणे. हळुवार उताराच्या जागी उभी भिंत तयार होते, बी व कंद धरून ठेवलेला वरचा थर ट्रॅक्टरमधून शेतात जातो आणि खाली उरतो तो कठीण मुरूम. पाणी पूर्वीपेक्षा जास्त साठते आणि मासा पूर्वीपेक्षा कमी होतो. अभियंत्याच्या वहीत हा तलाव सुधारलेला असतो. पाणथळ जागांच्या संरक्षणासाठी केंद्र सरकारने २०१७ साली जे नियम केले त्यांचाही येथे आधार मिळत नाही, कारण सिंचनासाठी मनुष्याने बांधलेले जलाशय त्या नियमांच्या व्याख्येतून वगळलेले आहेत. दोन-तीनशे वर्षे जिवंत असलेला तलाव केवळ मनुष्याने बांधला म्हणून पाणथळ नव्हे, हे तर्कशास्त्र पाणकोंबडीस समजावून सांगणे कठीण जाईल.

या परिस्थितीत भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने जे काम केले त्याची पद्धत ध्यानात घेण्याजोगी आहे. मनीष राजनकर व त्यांचे सहकारी यांनी प्रथम ढिवरांकडून तलावाची माहिती जमविली: कोणते मासे होते, कोणते दिसेनासे झाले, कोणता मासा कोणत्या वनस्पतीत राहतो, कोणती वनस्पती किती पाण्यात उगवते. वनस्पतिशास्त्रज्ञ वनस्पतींची यादी करतो आणि मत्स्यशास्त्रज्ञ माशांची. कोणत्या माशास कोणती वनस्पती, हा दोन याद्यांना जोडणारा धागा ढिवरांच्याच जवळ होता. नंतर मच्छीमार सहकारी संस्थांना बरोबर घेऊन, गेल्या पंधरा-वीस वर्षांत, भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांतील काही तलावांवर प्रत्यक्ष प्रयोग झाले.

प्रयोगाची कृती ऐकावयास साधी आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरले की बेशरम मुळासकट उपटावयाचे. नुसते तोडून भागत नाही. मग उघड्या पडलेल्या उथळ तळाचा काही भाग नांगरावयाचा, म्हणजे वर्षानुवर्षे टणक झालेली माती मऊ होते. पाऊस पडून त्या जागी थोडे पाणी चढले की जेथे अद्याप जुन्या वनस्पती शिल्लक आहेत अशा तलावातून हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, कुमुदाच्या जाती आणि काठाचे उभे गवत यांची रोपे आणून हातांनी लावावयाची. धानाची रोवणी ज्यांच्या अंगवळणी पडलेली आहे त्या स्त्रियांना हे काम नव्याने शिकवावे लागत नाही. गुडघाभर पाण्यात वाकून रोप दोन बोटांत धरून चिखलात रोवण्याचा तो तोच हात. ढिवर स्त्रियांनी या कामात घेतलेला पुढाकार विशेष होय, कारण मासळी विकण्याचे कष्ट त्यांचे असूनही संस्थांच्या सभासदयादीत त्यांची नावे पूर्वी क्वचितच असत.

रोपे लावली तरी ती जगावीत यासाठी दोन पथ्ये पाळावी लागतात. तलावात गवत्या मासा व तळ उकरणारे मासे सोडावयाचे नाहीत, हे पहिले. अंडी घालण्याच्या दिवसांत मासेमारी बंद ठेवावयाची, हे दुसरे. ही पथ्ये लिहावयास सोपी व पाळावयास अवघड. आषाढ-श्रावण हे हातावर पोट असणाऱ्याचे सर्वांत ओढगस्तीचे महिने, आणि नेमके त्याच महिन्यांत मरळ काठाशी येऊन हाताला लागण्यासारखा असतो. संस्थेचा ठेका ठराविक मुदतीचा असतो. आज लावलेल्या गवताचे फळ दुसऱ्या कोणी खावे अशी भीती असली तर गवत लावण्याचा उत्साह टिकत नाही. तरीही ज्या संस्थांनी हे केले त्यांना एक व्यावहारिक लाभ दिसला. देशी मरळास बाजारात रोहूपेक्षा चांगला भाव येतो आणि त्याचे बी विकत आणावे लागत नाही. रोहू-कटला सोडणे त्यांनी बंद केले असे नाही. एका माशाने वर्षाचा खर्च निघतो, दुसऱ्याने घरची चूल चालते.

शेतकरी व ढिवर यांच्यातील जुना प्रश्न मात्र बाकी आहे. आश्विनात धान फुलोऱ्यावर येते आणि तलावाचे तोंड उघडावे लागते. धान वाळू देऊन मासे जगवा असे कोणी म्हणणार नाही. परंतु काही ठिकाणी बाहेर पडावयाच्या तोंडाच्या खालच्या पातळीवरचे पाणीही इंजिन लावून उपसले जाते. जुन्या बांधणीत पाळीच्या पायथ्याशी तोंडापेक्षा खोल असा एक डोह राही, आणि त्यातील पाणी सोडताच येत नसे. वैशाखात सारा तलाव भेगाळला तरी शिवडा, वाम आणि मरळाच्या काही जोड्या त्या डोहात तग धरीत, आणि मृगाचे पाणी आले की तेथूनच उथळ गवताकडे निघत. साकोलीकडील एखाद्या तलावावर ज्येष्ठात उभे राहिले असता या डोहात पाणी आहे की नाही एवढे पाहिले तरी श्रावणात काठाशी तांबूस पुंजके दिसतील की नाही, हे ढिवर तेव्हाच सांगतो.